पहिलं सॉफ्टवेअर, आठ आठवडे : वाचकांचे प्रश्न

नव्या कंपनीचं पहिलं सॉफ्टवेअर कमी वेळात कसं बांधावं आणि लोकांच्या हाती कसं द्यावं, यावर आलेल्या पत्रांपैकी ही सहा. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं दिलं आहे. उत्तरं या कामात रोज असलेल्या मंडळींनी मिळून दिली आहेत.

प्रश्न (तासगाव) : आम्ही दोघे मित्र दूध संकलन केंद्रांसाठी ॲप बनवतोय. एक जण प्रोग्रामर आहे, दुसऱ्याच्या घरचं केंद्र आहे. लागणाऱ्या सोयींची यादी केली तर तेवीस झाल्या : संकलन, बिल, पशुखाद्य, उचल, बोनस, लसीकरणाच्या तारखा, डॉक्टरांची वेळ, उत्पादकांसाठी वेगळं ॲप वगैरे. जवळचे पैसे आठ आठवडे पुरतील. दिवाळीच्या तोंडावर सुरू करायचं ठरवलंय. कुठून हात घालावा?

उत्तर : यादी बाजूला ठेवा आणि केंद्रचालकाची वही उघडा. तो रोज जे लिहितो तेवढंच पहिल्या आवृत्तीत घ्या : सकाळ-संध्याकाळची नोंद, उत्पादकाच्या हातात पावती आणि दहा दिवसांचं बिल. बाकीच्यात शिरलात तर एक ना धड भाराभर चिंध्या होतील. अपवाद एकच, कपात. पशुखाद्य आणि उचल वजा न करता काढलेलं बिल केंद्रावर कुणाच्याच कामाचं नाही. चालक पुन्हा कॅल्क्युलेटर घेऊन बसेल आणि महिन्याभरात तुमचं ॲप बंद पडेल. पण म्हणून पशुखाद्याचा साठा आणि उधारीची खाती बांधत बसू नका. बिलात ‘कपात’ म्हणून एक रक्कम आणि शेजारी दोन शब्द लिहायला जागा, एवढ्यावर पहिले तीन महिने निभावतात.

पहिला आठवडा कोडला हात लावायचा नाही. पहाटे पाचला केंद्रावर जाऊन उभे राहा आणि एका उत्पादकामागे किती सेकंद जातात ते घड्याळ लावून मोजा. वहीवर जेवढा वेळ लागतो त्याहून ॲपवर जास्त लागला, तर रांगेतली माणसंच चालकाला वहीकडे परत पाठवतील. तिथे उजेड कमी असतो, चालकाचे हात ओले असतात, एक हात फॅट मशीनपाशी असतो. अशा वेळी त्याला यादीतून नाव शोधायला लावणं म्हणजे अन्याय आहे. केंद्रावर माणूस नंबरानेच ओळखला जातो. म्हणून पडद्यावर मोठमोठे आकडे ठेवा. नंबर टाकला की नाव ठळक दिसलं पाहिजे, कारण चुकीचा नंबर तिथेच पकडता येतो, नंतर नाही. मग लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक). चार आकडे आणि एक बटण. हे पडदे आधी पेन्सिलने कागदावर काढा आणि चालकाला बोटाने ‘दाबायला’ सांगा. तो कुठे अडतो ते पाहा, मध्ये बोलू नका. असं पाच केंद्रांवर केलंत की पुरे. चौथ्या-पाचव्या माणसाकडे त्याच त्या अडचणी पुन्हा दिसू लागतात.

फॅट मशीनला केबल जोडून आकडे थेट घ्यावेत, हा मोह पहिल्या आवृत्तीत आवरा. प्रत्येक कंपनीचं मशीन आकडे वेगळ्या रीतीने पाठवतं आणि त्यातच तीन आठवडे जातात. आकडे हाताने टाका. दुसऱ्या आवृत्तीत तुमच्या भागात जे मॉडेल सर्वांत जास्त चालतं, ते एकच जोडा.

दुसऱ्या आठवड्यात तक्त्यांची रचना आणि दरपत्रक. तिसऱ्या-चौथ्यात नोंद, पावती, बिल. पाचव्या आठवड्यापासून एकाच केंद्रावर वही आणि ॲप दोन्ही सोबत चालवा. ही सुरुवात १, ११ किंवा २१ तारखेलाच करा, म्हणजे दहा दिवसांचं एक पूर्ण बिल वहीशी ताडून पाहता येतं. मधल्या तारखेला सुरू केलंत तर ताळा कधीच जुळत नाही आणि चूक ॲपची की वहीची हेही कळत नाही. पहिलं बिल पैशापैशाने जुळलं, तर पुढचे दहा दिवस तीन केंद्रं. तिथेही जुळलं की आठव्या आठवड्यात बाकीच्यांना द्या.

आता या कामात नेमकं काय बिघडतं ते सांगतो, कारण हे पहिल्या बिलाच्या दिवशीच उघडं पडतं.

पहिली गोष्ट वेळेची. सर्व्हरचं घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर असतं. आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. म्हणजे सर्व्हरची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. तुमचं केंद्र पाचला उघडत असेल, तर पहिल्या अर्ध्या तासातलं सगळं दूध आदल्या दिवसाच्या खात्यावर पडणार. ११ तारखेच्या पहाटेची नोंद १० तारखेच्या बिलात शिरली की उत्पादकाशी भांडण ठरलेलं. दिवसभर कार्यालयात बसून चाचणी करणाऱ्याला ही चूक दिसत नाही. उपाय असा : नोंदीत वेळ यूटीसीत ठेवाच, पण ‘संकलनाची तारीख’ आणि ‘पाळी’ हे दोन वेगळे रकाने करा, आणि ते भारतीय वेळेनुसार फोनवरच भरा.

दुसरी गोष्ट पैशांची. समजा दूध ६.७ लिटर आणि दर ३३.३५ रुपये. गुणाकार २२३.४४५. आता हे २२३.४४ की २२३.४५? संगणक दशांश अपूर्णांक ज्या पद्धतीने साठवतो, त्यात हे उत्तर कधी इकडे, कधी तिकडे झुकतं. १२० उत्पादक, दोन पाळ्या, दहा दिवस म्हणजे २,४०० नोंदी. प्रत्येकीत एक पैसा चुकला तरी फरक जास्तीत जास्त २४ रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण ‘यंत्राचा हिशेब वहीशी जुळत नाही’ हे वाक्य गावभर होतं. म्हणून दूध दहा-दहा मिलिलिटरच्या पूर्णांकात ठेवा (६७०) आणि दर पैशांत (३३३५). गुणाकार पूर्णांकातच करा आणि अर्धा पैसा वर घ्यायचा की सोडायचा, हे केंद्राच्या आजवरच्या रीतीप्रमाणे एकाच जागी लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट दरपत्रकाची. दर बिलाच्या मध्येच बदलतात. बिल काढताना आजच्या दरपत्रकावरून हिशेब केलात तर जुन्या नोंदींचे पैसेही बदलतील. प्रत्येक नोंदीत त्या क्षणीचा दर कायमचा लिहा आणि दरपत्रकाला ‘कोणत्या तारखेच्या कोणत्या पाळीपासून लागू’ हे जोडा.

चौथी गोष्ट विजेची आणि रेंजची. नोंद आधी फोनमध्येच साठली पाहिजे, इंटरनेट आलं की वर जाईल. प्रत्येक नोंदीला फोननेच एक अद्वितीय क्रमांक द्यावा. नाहीतर रेंज अर्धवट आली की तीच नोंद दोनदा जाते आणि उत्पादकाला दुप्पट पैसे दिसतात. नोंद पुसायची सोय देऊ नका. चुकलेली नोंद रद्द करून नवी करायची आणि दोन्ही दिसत राहिल्या पाहिजेत, कारण दूध केंद्रावर खाडाखोडीचा संशय फार लवकर येतो.

राहिली दिवाळी. त्या पंधरवड्यात सुरू करू नका. बोनस आणि दरफरकाचा हिशेब तेव्हाच होतो, चालक वर्षातल्या सर्वांत मोठ्या रकमा वाटत असतो आणि नवं काही शिकायला त्याला फुरसत नसते. दिवाळीनंतर येणारी पहिली १, ११ किंवा २१ तारीख धरा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : ॲप सहा आठवड्यांत बांधून झालं. आता महिना उलटला तरी लोकांपर्यंत पोचलेलं नाही. कधी प्ले स्टोअर अडतं, कधी ओटीपी जात नाही, कधी पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी, कागद मागते. आमचं कुठे चुकलं?

उत्तर : बांधण्यात चुकलेलं नाही, क्रमात चुकलं. कोड रात्र जागून लवकर होतो, परवानग्या रात्र जागून लवकर होत नाहीत. ज्यांना दुसऱ्याच्या टेबलावर थांबावं लागतं ती कामं पहिल्या दिवशी सुरू करायची. तुमच्यासारखं अनेकांचं घोडं इथेच पेंड खातं, म्हणून थोडं सविस्तर.

प्ले स्टोअरचं खातं काढायला एकदाच २५ डॉलर लागतात. खातं वैयक्तिक असेल आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं असेल, तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत राहावं लागतं. मध्येच दोघे बाहेर पडले आणि संख्या १२च्या खाली गेली, तर सलगपणा तुटतो. म्हणून १२ नव्हे, वीस जण घ्या, आणि ते खरोखर ॲप उघडणारे असावेत. ही चाचणी संपूर्ण ॲपची असायला हवी असं नाही. दोन पडदे चालू झाले की तिसऱ्या आठवड्यातच ती सुरू करा, म्हणजे बांधकाम आणि चाचणी सोबत चालतात. कंपनीच्या नावाने खातं काढलं तर ही अट नाही, पण डन्स क्रमांक (कंपनीची ओळख पटवणारा जागतिक क्रमांक) लागतो. तो फुकट मिळतो, मात्र यायला काही आठवडे लागू शकतात, आणि कंपनीचं नाव-पत्ता नोंदणीच्या कागदाशी अक्षरशः जुळला पाहिजे. ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर. कंपनीसाठी डन्स क्रमांक तिथेही लागतोच.

दोन्ही स्टोअरवर आणखी एक अट हमखास विसरली जाते : ॲपमध्ये खातं उघडता येत असेल, तर ते ॲपमधूनच काढून टाकताही आलं पाहिजे. गूगलला त्यासाठी वेबवरचा दुवाही हवा असतो. गोपनीयता धोरणाचं पान आणि ‘कोणती माहिती घेता’ याचा तक्ता भरून ठेवा. ॲपने न वापरलेली परवानगी, उदाहरणार्थ संपर्कयादी किंवा एसएमएस वाचण्याची, कुठल्यातरी तयार घटकामुळे आत आलेली असते आणि तेवढ्यावर ॲप परत येतं.

ओटीपीचं असं आहे. भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर डीएलटी, म्हणजे दूरसंचार कंपन्यांकडची प्रेषक-नोंदणी लागते. ती जिओ, एअरटेल, व्ही यांपैकी एकाच्या पोर्टलवर करता येते. आधी संस्था, मग सहा अक्षरी प्रेषकनाम, मग प्रत्येक संदेशाचा साचा, आणि शेवटी एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीशी साखळी जोडणं. प्रत्येक पायरीला वेगळी मंजुरी. मंजूर साच्यात आणि प्रत्यक्ष संदेशात एका पूर्णविरामाचा किंवा एका जागेचा फरक पडला, तरी संदेश वाटेतच अडवला जातो. तुमच्या नोंदीत मात्र ‘पाठवला’ असंच दिसतं. ओटीपी ‘कधी जातो, कधी नाही’ असं वाटतं तेव्हा दोन प्रकारचे साचे मिसळले गेले आहेत का ते आधी पाहा. बदलत्या मजकुराच्या एका जागेत मोजकीच अक्षरं बसतात, त्यामुळे लांब नाव असलेल्या ग्राहकांना संदेश मिळत नाही आणि कारण कुणाला उमगत नाही. संदेशात दुवा असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून तोही आधी नोंदवावा लागतो.

पेमेंट गेटवेला जिवंत संकेतस्थळ लागतं : अटी, गोपनीयता, परतावा आणि रद्द करण्याचे नियम, संपर्काचा पत्ता, आणि वस्तूची किंवा सेवेची किंमत. ‘लवकरच येत आहे’ एवढंच लिहिलेलं पान असेल तर अर्ज परत येतो. ही पाच पानं एका दुपारचं काम आहे.

हे सगळं होईस्तोवर थांबायलाच हवं असंही नाही. पहिल्या वीस ग्राहकांना ओटीपीऐवजी तुम्हीच नंबर आणि पिन द्या, पैसे यूपीआयने सरळ चालू खात्यावर घ्या आणि ॲपऐवजी मोबाइलवर नीट उघडणारं संकेतस्थळ द्या. बेंगळुरूच्या डन्झो या घरपोच सेवेची सुरुवात तर व्हॉट्सॲपवरच झाली होती. लोक मागणी टाइप करायचे आणि पलीकडे माणसं ती पुरी करायची. मागणी खरी आहे का हे कळायला एवढं बस होतं.

प्रश्न (पुणे) : ॲप कशात लिहावं, फ्लटर, कोटलिन की वेब? माहिती कुठे साठवावी, पोस्टग्रेस की फायरबेस? पंधरा दिवस यावरच चर्चा चालू आहे.

उत्तर : तुमच्या प्रोग्रामरला जे आजच झोपेतही लिहिता येतं, ते. पहिल्या आवृत्तीत नवी भाषा शिकायची नाही. हिशेब असेल तर पोस्टग्रेससारखा, तक्ते एकमेकांशी जोडणारा डेटाबेस घ्या, सर्व्हर एकच ठेवा, सॉफ्टवेअरचे वेगवेगळे चालणारे तुकडे (मायक्रोसर्व्हिसेस) नकोत. कार्यालयातल्या लोकांसाठी वेगळे पडदे बांधू नका. जँगोसारख्या तयार चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) प्रशासनाचं पान आयतं मिळतं. चर्चा थांबवून उद्या सकाळी सुरू करा.

प्रश्न (नाशिक) : माझे शिकवणीचे वर्ग आहेत. मला तांत्रिक ज्ञान नाही. एका एजन्सीने ॲपसाठी साडेतीन लाख आणि चार महिने सांगितले आहेत. करारात काय लिहून घ्यावं?

उत्तर : ताई, सर्वांत आधी कोडची मालकी. अनेकांना वाटतं, पैसे आपण दिले म्हणजे कोड आपला. कॉपीराइट कायदा, १९५७ तसं म्हणत नाही. नोकरीवरच्या माणसाने लिहिलेलं मालकाचं असतं, पण बाहेरच्या एजन्सीने लिहिलेल्याचे हक्क लेखी हस्तांतर होईपर्यंत एजन्सीकडेच राहतात. शिवाय त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये एक मेख आहे : करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. म्हणून ‘जगभरासाठी, कायमस्वरूपी’ हे शब्द सहीसकट हवेत. एका वर्षात हक्क वापरले नाहीत तर ते परत जातात, ही त्याच कलमातली तरतूद लागू होणार नाही, असंही लिहून घ्या. वकिलांना हे तीन मुद्दे दाखवा.

दुसरं, खाती. डोमेन, प्ले कन्सोल (प्ले स्टोअरवर ॲप टाकण्याचं खातं), सर्व्हर, कोडचं भांडार, एसएमएस, गेटवे ही सगळी खाती तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डवर. एजन्सीला फक्त प्रवेश द्या. प्ले स्टोअरवर ॲप एजन्सीच्या खात्यातून गेलं आणि पुढे बेबनाव झाला, तर तुमचे विद्यार्थी आणि अभिप्राय दुसऱ्याच्या खात्यावर राहतात. कोड शेवटी ‘देतो’ म्हणणाऱ्यांना नाही म्हणा. तो पहिल्या दिवसापासून रोज तुमच्या भांडारात यायला हवा.

हप्ते कागदपत्रांवर नव्हे, तर फोनवर चालणाऱ्या पडद्यांवर बांधा. सुरुवातीला २० टक्के. विद्यार्थी नोंदणी आणि हजेरी तुमच्या फोनवर चालली की ३०. फी आणि पावती चालली की ३०. उरलेले २०, ॲप स्टोअरवर येऊन ३० दिवस खऱ्या वर्गात चालल्यावर. दर शनिवारी तुमच्या हातात चालणारी आवृत्ती हवी. दोन शनिवार रिकामे गेले तर तिसऱ्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी बोलून घ्या.

आणि चार महिने कशासाठी? हजेरी, फी आणि पालकांना निरोप एवढंच घेतलं तर सहा ते आठ आठवडे पुरेत. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ ॲपच्या आत विकायचे ठरवलंत तर स्टोअरच्या बिलिंगचे नियम लागू होतात, ते दुसऱ्या टप्प्यात पाहा. मुलांची माहिती साठवणार असाल तर एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. शिक्षणसंस्थांना नियमांत काही सवलती आहेत, त्या तुमच्या वर्गाला बसतात का ते वकिलांकडूनच समजून घ्या. तोवर खातं पालकाच्या नंबरावर उघडा, मुलाचं नाव आणि इयत्ता एवढंच घ्या. जन्मतारीख, फोटो, आधार यांची हजेरीला गरज नाही.

प्रश्न (डिचोली, गोवा) : गावातल्या आठ होमस्टेंचं एकत्र बुकिंग सुरू केलं. पहिल्याच शनिवारी एक खोली दोघांना गेली आणि एका पाहुण्याचे पैसे कटले पण बुकिंग दिसलं नाही. प्रोग्रामर म्हणतो, गेटवेची चूक. खरं काय?

उत्तर : गेटवेची चूक असण्याची शक्यता फार कमी. पाहुणा यूपीआय ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, पैसे जातात, आणि तो ब्राउझरकडे परतच येत नाही. फोन वाजतो, रेंज जाते, बॅटरी संपते. ‘पैसे भरले’ हे तुमच्या प्रणालीला पाहुण्याच्या फोनकडून कळत असेल, तर असं बुकिंग हरवणारच. ते कळायला हवं गेटवेच्या सर्व्हरकडून तुमच्या सर्व्हरला थेट येणाऱ्या निरोपातून, ज्याला वेबहुक म्हणतात. त्या निरोपाची डिजिटल सही तपासा, नाहीतर कुणीही खोटा निरोप धाडेल. रक्कम तुमच्या ऑर्डरशी ताडा. तोच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून त्या ऑर्डरचं बुकिंग आधी झालं असेल तर दुसऱ्यांदा काहीही न करता ‘मिळाला’ एवढं उत्तर द्या. आणि निरोपही हरवू शकतो, म्हणून दर दहा मिनिटांनी लोंबकळलेल्या ऑर्डरी गेटवेला स्वतःहून विचारणारं एक छोटं काम चालू ठेवा. हे चारही केलंत तर ‘पैसे कटले, बुकिंग नाही’ ही तक्रार जवळजवळ संपते.

एक खोली दोघांना जाण्याचं कारण वेगळं. दोघांनी एकाच वेळी पाहिलं, दोघांना ‘रिकामी’ दिसली, दोघांनी भरले. ‘आधी तपासा, मग लिहा’ या दोन पायऱ्यांमधल्या फटीतून हे घडतं. खोली आणि रात्र ही जोडी डेटाबेसमध्येच अद्वितीय ठेवा, म्हणजे दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. ‘पुढे’ दाबल्यावर खोली दहा मिनिटं राखून ठेवा. पैसे अकराव्या मिनिटाला आले तर? खोली अजून रिकामी असेल तर द्या, नसेल तर परतावा आपोआप सुटला पाहिजे आणि पाहुण्याला तसा संदेश गेला पाहिजे. हा अकराव्या मिनिटाचा प्रसंग तुमच्या प्रोग्रामरने मुद्दाम घडवून पाहिला आहे का, एवढं विचारा. होमस्टेमालकाने फोनवर घेतलेलं बुकिंगही याच तक्त्यात यायला हवं. त्यासाठी त्याला एक बटणाचं पान द्या, नाहीतर कितीही कोड लिहिला तरी खोली दोघांना जाईलच.

एक कर्तव्य म्हणून सांगतो. दुसऱ्यांच्या खोल्यांचे पैसे तुम्ही गोळा करता, म्हणजे जीएसटीच्या दृष्टीने तुम्ही ई-कॉमर्स ऑपरेटर ठरता. नोंदणी नसलेल्या मालकांच्या खोल्यांचा कर कलम ९(५) प्रमाणे तुमच्यावर येतो आणि २० लाखांच्या उलाढालीची सवलत त्यात तुमच्या कामी येत नाही. पुढच्या शनिवारच्या आत सीएंना भेटा. आणि आठही घरं पर्यटन खात्याकडे नोंदलेली आहेत ना, तेही पाहा.

प्रश्न (कोल्हापूर) : आमचं ॲप पूर्ण मराठीत आहे. पडद्यावर छान दिसतं, पण पावती, पीडीएफ, एक्सेल सगळीकडे मराठीचा विचका होतो. इंग्रजीवर जावं का?

उत्तर : मुळीच नाही. ग्राहक मराठीत वाचतो आणि हे सगळे बिघाड दुरुस्त होणारे आहेत.

पीडीएफमध्ये ‘किती’चं ‘कती’ होऊन वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. याचं कारण असं की पीडीएफ बनवणारे बरेच हलके घटक अक्षरं एकामागे एक मांडतात, देवनागरीची जुळणी करत नाहीत. ब्राउझर ती करतो. म्हणून बिल वेबपानासारखं बनवा आणि सर्व्हरवरच्या क्रोमकडून त्याची पीडीएफ काढा. टंक (फॉन्ट) सोबत द्या, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता. दोन्ही मोफत आहेत.

दोन इंची थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी टंक सहसा नसतोच, त्यामुळे प्रश्नचिन्हं छापली जातात. पावतीचं चित्र बनवून पाठवा, या प्रिंटरची रुंदी बहुधा ३८४ ठिपके असते. चित्र छापायला वेळ लागतो, म्हणून मराठी नाव तेवढं चित्रात आणि आकडे साध्या मजकुरात पाठवा.

एक्सेलसाठी सीएसव्ही फाइलच्या सुरुवातीला बॉम नावाची तीन बाइटची खूण घाला, नाहीतर एक्सेल मराठी ओळखत नाही. बटणांवर रफार आणि मात्रा कापल्या जात असतील तर ओळीची उंची अक्षराच्या दीडपट करा. एसएमएस मराठीत असेल तर १६० नव्हे, ७० अक्षरांतच एक संदेश संपतो, आणि मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘श्री’ हे चार अक्षरांचं भरतं. खर्चाचा अंदाज बांधताना हे धरा.

शोधात ‘कुऱ्हाडे’ सापडत नाहीत, अशीही तक्रार येईल. अर्धा र दोन-तीन रीतींनी टाइप होतो, दिसतो एकच, आत मात्र वेगळा असतो. ‘ॲ’चंही तसंच. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे मजकूर एकाच रूपात आणा. युनिकोडच्या एनएफसी नावाच्या प्रमाण रूपाने काही भाग सुटतो, जोडणीची अदृश्य खूण आणि ‘ॲ’ यांच्यासाठी दोन ओळी स्वतः लिहाव्या लागतात. चाचणीसाठी ‘अमित पाटील’ नको. कुऱ्हाडे, ज्ञानेश्वर, तऱ्हाळे, ॲड. लिहिलेलं एखादं नाव आणि एक खूप लांब नाव, अशी पाच नावं सुरुवातीपासून ठेवा. ग्राहकांसमोर ॲप जाण्याच्या आदल्या दिवशी ही पाच नावं पावती, पीडीएफ, एक्सेल आणि एसएमएस या चारही वाटांनी काढून कागदावर पाहा. त्याच दिवशी डेटाबेसची राखीव प्रत दुसऱ्या मशीनवर उतरवून, त्यातून यातलंच एक नाव शोधून काढा. प्रत निघते पण उघडत नाही, हे कळण्यासाठी तो शेवटचा सोयीचा दिवस असतो.